दोन किनारे

गिरगावातील एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एक लहानसे कुटुंब राहत होते. आई, वडील, सातव्या इयत्तेतील मुलगी, पाचवीत शिकणारा तिचा धाकटा भाऊ आणि आईचे वडील अशी घरात पाच माणसे. मुलांचा मामा नोकरीच्या निमित्ताने आयर्लंड देशात, डब्लिन शहरी गेलेला होता. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असतील, तोच त्याचे एक जाडजूड पत्र आले. पत्रासोबत त्या देशाचा नकाशा होता आणि त्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली तांबड्या पेन्सिलीची एक नागमोडी रेघ होती.

मामाने लिहिले होते, ‘आयर्लंड हे बेट आहे. त्याच्या पूर्वेस आयरिश समुद्र आणि पश्चिमेस अटलांटिक महासागर. येत्या उन्हाळ्यात आम्ही चौघे मित्र या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पायी जाणार आहोत. वाट बरीचशी एका जुन्या कालव्याच्या काठाने जाते. पूर्वी या कालव्यातून मालाच्या होड्या चालत आणि काठावरून घोडे त्यांना ओढून नेत. घोड्यांची ती वाट दुरुस्त करून २०२१ साली पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली करण्यात आली. तेवढीच सुमारे १३० किलोमीटर भरते. निघण्यास अद्याप सहा महिने अवकाश आहे. पण आमची तयारी आजच सुरू झाली आहे. मुक्काम कोठे करावा, पाणी कोठे मिळेल, पाऊस लागला तर आसरा कोणता, हे सारे लिहून काढीत आहो. चालण्याचे अर्धे काम पाय उचलण्यापूर्वीच करावयाचे असते, हे मला येथे येऊन कळले.’

पत्र वाचून झाले. मुलीची दृष्टी भिंतीवरील मुंबईच्या नकाशाकडे गेली. तो नकाशा तिने शेकडो वेळा पाहिला होता; पण त्या दिवशी तिला त्यात एक नवीनच गोष्ट दिसली. मुंबईलाही दोन किनारे होते! पश्चिमेस गिरगावची चौपाटी, दादरची चौपाटी आणि समोर अथांग अरबी समुद्र. पूर्वेस माझगाव, शिवडी आणि बंदराचे शांत पाणी. शिवडीला थंडीच्या दिवसांत दूरदेशीचे रोहित पक्षी येतात, असे तिने शाळेत ऐकले होते.

“आपणही या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत चालत जाऊ या!” ती म्हणाली. भावाने टाळ्या पिटल्या.

लगेच पट्टी आणि पेन्सिल आली. गिरगावच्या चौपाटीपासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत तिने एक सरळ रेघ ओढली. नकाशाच्या प्रमाणाने हिशेब केला, तेव्हा अंतर सुमारे सात किलोमीटर भरले. “ताशी पाच किलोमीटर चाललो, तर दीड तासात शिवडी!” भाऊ ऐटीत म्हणाला.

खिडकीशी बसलेले आजोबा हसले. “रेघ छान आहे, पण ती लोकांच्या घरांवरून आणि आगगाडीच्या रुळांवरून गेली आहे. कावळ्याला चालेल. तुम्हांला रस्त्याने जावयाचे आहे ना?”

आजोबा तरुणपणी परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर काम करीत. सूत हाताळण्याची त्यांच्या बोटांची सवय अजून गेलेली नव्हती. त्यांनी शिवणाच्या डब्यातून एक दोरा घेतला, तो पाण्यात भिजवला आणि नकाशावरील रस्त्यांच्या वळणावळणाने अलगद बसवीत नेला. मग दोरा उचलून पट्टीवर ताणून धरला. सात किलोमीटरांचे जवळजवळ दहा किलोमीटर झाले होते. सरळ रेघ आणि खरी वाट यांच्यामध्ये तीन किलोमीटरांचे अंतर होते!

यानंतर वाट कोणती घ्यावी, याचा विचार सुरू झाला. दादरच्या चौपाटीवरून निघाले, तर पूर्वेचा किनारा साडेपाच-सहा किलोमीटरांवर येत होता. भावाचे मत त्या वाटेला होते. बहिणीला मात्र आपल्या घरापासून, गिरगावापासून निघावयाचे होते. आजोबांनी निकाल दिला, “दादरची वाट तालमीसाठी घ्या आणि गिरगावची खऱ्या प्रवासासाठी. नाटकालादेखील रंगीत तालीम लागते.”

गिरगावची वाट ठरली, तशी मुलगी शाळेच्या ग्रंथालयातून मुंबईच्या इतिहासाचे पुस्तक घेऊन आली. ते वाचताना तिला मोठे नवल वाटले. आज जे सलग शहर दिसते, ते पूर्वी सात बेटे होते: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. गिरगाव मुंबईच्या बेटावर होते, तर लालबाग आणि परळ हे परळच्या बेटावर. त्या दोहोंमधील भायखळ्याकडच्या सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खाडीचे तोंड १७८४ च्या सुमारास बांध घालून बंद करण्यात आले. त्यानंतर हळूहळू भर पडत जाऊन बेटाला बेट जोडले गेले. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कोणी ही वाट चालावयास निघाला असता, तर भायखळ्याजवळ त्याला चिखल तुडवावा लागला असता, किंवा होडीची वाट पाहावी लागली असती! ज्या जमिनीवरून आपण निश्चिंतपणे चालतो, ती पूर्वी कोणीतरी कष्ट करून पायाखाली आणून ठेवलेली असते, ही गोष्ट त्या पुस्तकाने तिच्या मनावर चांगली बिंबवली.

तिने एका वहीत वाटेवरील ठिकाणे क्रमाने मांडली. चौपाटी, ऑपेरा हाऊस, मुंबई सेंट्रल, नागपाडा, भायखळा, राणीची बाग, चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता, परळ आणि शिवडी. प्रत्येक ठिकाणापुढे तिने तेथे काय पाहावयाचे, ते लिहिले. चौपाटीपुढे लिहिले, की १९३० साली येथे लोकांनी समुद्राच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. राणीच्या बागेपुढे लिहिले, की ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. परळपुढे तर एक पान पुरले नाही. प्लेगवरील लस तयार करणारे डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली. जवळच १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. परळ गावातील बारादेवीच्या मंदिरात शिवाची एक भव्य प्राचीन शिळा आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना ती सापडली. हे सारे एकाच वाटेवर आहे, याचा तिला पत्ताच नव्हता.

वही पाहून आजोबा म्हणाले, “काय पाहावयाचे ते लिहिलेस, हे ठीक झाले. पण कोठे बसावयाचे, पाणी कोठे प्यावयाचे आणि शौचालय कोठे आहे, हे कोठे आहे यात?” मुलगी ओशाळली. तो रकाना तिने आखलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तालीम ठरली. दादरच्या चौपाटीवरून निघून हिंदमातापर्यंत जावयाचे होते. घरातील जुन्या छापील नकाशावरून भावाने वाट काढली. त्या वाटेवर प्रभादेवी आणि परळ यांना जोडणारा रेल्वेवरील पूल होता. आजोबांनी पुलावर बोट ठेवले. “हा पूल २०२५ च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झाला. शंभराहून अधिक वर्षे त्यावरून माणसे गेली. पण तुझ्या नकाशाला तो गेल्याची वार्ता नाही. नकाशा विचारावा, हे खरे. पण त्या वाटेने रोज जाणाऱ्या माणसालाही विचारावे.” त्यामुळे टिळक पुलावरून जाण्याचे ठरले.

सकाळी साडेसात वाजता तिघे निघाली. समुद्रावरचा वारा गार होता. मुले उत्साहाने झपाझप चालू लागली. शिवाजी पार्कवर खेळाडूंचे डाव रंगले होते. पुढे दादर स्थानकाच्या बाजूला आले, तो फुलबाजाराकडून आलेल्या माणसांची एकच गर्दी. डोक्यावर झेंडूच्या पाट्या घेतलेले हमाल, पिशव्या सावरणाऱ्या बायका, हातगाड्या! त्यांतून वाट काढीत मुले पुलाच्या चढणीवर पोचली आणि माथ्यावर जाऊन मागे वळून पाहतात, तो आजोबा नाहीत.

दोघांच्या छातीत धस्स झाले. भाऊ रडवेला झाला. मुलगी त्याचा हात धरून उलट पावली धावली. चढणीच्या प्रारंभी एका दुकानाच्या पायरीवर आजोबा गुडघा चोळीत बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “वेगात मला हरवलेत खरे,” ते म्हणाले, “पण तुम्हीही मला हरवून बसलात!”

हिंदमातेस पोचावयास ठरल्यापेक्षा पाऊण तास अधिक लागला. घरी परतताना भाऊ सहज बोलून गेला, “आजोबा, त्या दिवशी तुम्ही गाडीने शिवडीला या. आम्ही चालत येऊन तेथे तुम्हांला भेटू.” तो हे प्रेमानेच बोलला होता. आजोबांनी मान डोलावली. पण त्यानंतर चाळीचा जिना चढेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मुलीच्या ध्यानातून ते सुटले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत आपल्या गुरुजींना सारी हकीकत सांगितली. गुरुजींनी तिला दांडीयात्रेची गोष्ट सांगितली. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीच्या समुद्रकिनारी पोचले. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर. त्यांच्याबरोबर ७८ सत्याग्रही होते आणि खुद्द गांधीजींना एकसष्टावे वर्ष चालू होते. ही यात्रा नुसत्या उत्साहावर झाली नाही. वाटेतील गावे आधी ठरवलेली होती. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण तुकडी’ पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था लावीत असे आणि गावाची माहिती गोळा करून ठेवीत असे. आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा असे. मग गुरुजी म्हणाले, “आणि आपली पंढरीची वारी आठव. आळंदीहून निघालेले वारकरी पंढरपूरला किती दिवसांनी पोचतात? जवळजवळ तीन आठवड्यांनी. तरणाबांड माणूस ते अंतर याहून पुष्कळ लवकर तोडील. पण वारीत म्हातारी माणसे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. कोणत्या दिंडीने कोणामागे चालावयाचे, विसावा कोठे आणि मुक्काम कोठे, हे सारे ठरलेले असते. पाण्याची आणि स्वयंपाकाची गाडी पुढे गेलेली असते. म्हणून तर एवढा मोठा जनसमुदाय पोचतो. बाळ, समूहाची चाल ही सर्वांत पुढच्या माणसाची नसते. ती सर्वांत मागच्या माणसाची असते.”

मुलगी घरी आली आणि तिने वहीतील जुने वेळापत्रक खोडून टाकले. “आजोबा,” ती म्हणाली, “चौपाटीपर्यंत फिरायला येता का?” चालताना तिने घड्याळ पाहून ठेवले. आजोबांना एक किलोमीटर चालावयास वीस मिनिटे लागत होती. म्हणजे तासाला तीन किलोमीटर. दहा किलोमीटरांना तीन तास वीस मिनिटे. त्यात पंधरा पंधरा मिनिटांचे चार विसावे धरले, तर एकूण चार तास वीस मिनिटे. सकाळी साडेसहाला निघाल्यास दहा वाजून पन्नास मिनिटांनी शिवडी. तिने हा हिशेब आजोबांपुढे ठेवला आणि म्हणाली, “आता तुम्ही पुढे चालावयाचे आणि आम्ही तुमच्यामागे. तुमच्यावाचून आम्ही निघणार नाही.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग नेहमीच्या मिस्किल स्वरात विचारले, “दिवस कोणता धरलास?”

“अष्टमीचा रविवार.”

“मग तुझे पक्षी दिसावयाचे नाहीत.”

मुलीला काही उमगेना. आजोबांचे बालपण कोकणातील खाडीकाठी गेले होते. ते सांगू लागले, “भरतीची वेळ काढण्याची आमची एक सोपी रीत आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. मग दुपारी बाराला काय असेल? ओहोटी. पाणी दूर गेले, की चिखलात चरणारे पक्षीही त्याच्यामागे दूर जातात. भरती येऊ लागली, की पाण्याबरोबर तेही काठाकडे सरकतात. द्वितीयेला पाहा: दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती. आपण अकराला पोचलो, तर पाणी वाढत असेल आणि पक्षी जवळ येत असतील.” भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे मुलीने भूगोलात वाचले होते, आजोबांची पाऊणपट म्हणजे तोच नियम तोंडी हिशेबाला सोपा केलेला होता. पंचांग काढून पाहिले, तेव्हा माघ वद्य द्वितीयेला रविवार येत होता. दिवस ठरला.

आता नकाशावर शेवटची रेघ पक्की करावयाची होती. आजोबांनी पेन्सिल हाती घेतली. चौपाटीपासून लालबागपर्यंत ती सरळ चालली. पण लालबागला येताच उजवीकडे वळली आणि काळाचौकीवरून शिवडीकडे निघाली. भारतमाता आणि परळ वाटेतून गळले.

“ही वाट जवळची आहे,” आजोबा म्हणाले. दोऱ्याने मोजून पाहिले, तेव्हा ते खरे ठरले. तरी मुलीला चुटपुट लागली. परळची माहिती तर आजोबांनीच तिला सर्वांत अधिक सांगितली होती. मग परळच का टाळावे?

रात्री तिने आईला विचारले. आई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “त्या वाटेवर बाबांची गिरणी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी बाबा ऐन पंचविशीत होते. महिने गेले, वर्ष गेले; संप मिटल्याचे कोणी सांगितले नाही, आणि पुष्कळांना गिरणीने परत बोलावले नाही. बाबा रोज सकाळी फाटकापर्यंत जात आणि परत येत. एके दिवशी ते लालबागच्या खोलीवर आले आणि डबा कोनाड्यात ठेवून म्हणाले, ‘आता नाही जावयाचे.’ पुढे खोली गेली. त्यांनी रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि आम्हां दोघां भावंडांना शिकवले. त्या रस्त्यावर मात्र त्यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही. लालबागपर्यंत जातात, मसाला आणतात, गणपतीचे दर्शन घेतात, पण त्यापुढे नाही.”

मुलगी अंथरुणावर पडून पुष्कळ वेळ विचार करीत होती. ‘परळ पाहिलेच पाहिजे’ असा हट्ट धरणे तिला आता शक्य नव्हते. पण आजोबांच्या मनात काय आहे, ते आपणच ठरवून टाकणे, हेही तिला बरे वाटेना. दादरच्या पुलावर त्यांना मागे टाकले, ही जशी चूक झाली, तशीच त्यांच्या वतीने आपण निर्णय करणे ही दुसरी चूक होईल, असे तिला वाटले. सकाळी तिने वहीत दोन्ही वाटा लिहिल्या. दोहोंचे अंतर, वेळ, पाण्याची जागा आणि विसाव्याची जागा मांडली. लालबागच्या पुढे मात्र तिने एक चौकोन कोरा ठेवला आणि त्यात लिहिले, ‘येथे आजोबा सांगतील त्या वाटेने.’

आजोबांनी ते पान वाचले. वही मिटून त्यांनी तिच्या हाती दिली. ते काही बोलले नाहीत.

माघ वद्य द्वितीयेच्या पहाटे चौघे चौपाटीवर उभी होती. कारण आयत्या वेळी आईदेखील निघाली होती. प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, एक टोपी. आजोबांच्या पायांत वापरून मऊ झालेल्या जुन्या चपला. “लांबच्या वाटेला नवी चप्पल कधी घालू नये,” हा त्यांचा शेवटचा उपदेश. भावाने समुद्राचे थोडे पाणी एका बाटलीत भरून घेतले. ते शिवडीच्या पाण्यात सोडावयाचे होते. साडेसहाच्या ठोक्याला आजोबांनी पहिले पाऊल टाकले आणि बाकीची तिघे त्यांच्यामागून निघाली.

शहर जागे होत होते. दुधाच्या गाड्या, वृत्तपत्रांचे गठ्ठे, दुकानांच्या वर जाणाऱ्या फळ्या. मुंबई सेंट्रलला पहिला विसावा झाला, राणीच्या बागेच्या कुंपणाशी दुसरा. चाल सावकाश असल्यामुळे मुलांना नेहमी न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या: जुन्या इमारतींवरील नक्षी, घोड्यांसाठी बांधलेली एक दगडी कुंडी, दारावरील पुसट झालेली नावे. लालबागला मिरच्या आणि मसाल्यांचा वास नाकात शिरला, तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते. वेळापत्रक मिनिटामिनिटाला जुळत होते.

लालबागला तिसरा विसावा झाला. उजवीकडे काळाचौकीचा रस्ता, समोर परळचा. मुलीने वही उघडली नाही. भावाला तिने डोळ्यांनीच गप्प राहण्यास खुणावले. आजोबा चहा पिऊन उठले, धोतराचा सोगा झटकला, क्षणभर दोन्ही रस्त्यांकडे पाहिले आणि समोर चालू लागले.

भारतमाता चित्रपटगृह मागे पडले. काही अंतरावर एका उंच, काचेच्या इमारतीपुढे आजोबा थांबले. इमारतीचे दार झगमगत होते आणि आत मोटारी जात होत्या. आजोबांनी हातातील काठी फरसबंदीवर टेकवली. “येथे फाटक होते,” ते म्हणाले. “पहाटे भोंगा झाला, की या रस्त्यावर मुंगीला वाव नसे. सातच्या पाळीला मी येथून आत जात असे.” मुले त्या काचेकडे पाहत होती. तिच्यात चौघांची प्रतिबिंबे दिसत होती. सर्वांत पुढे आजोबा होते. वहीत या जागेसाठी वेळ राखलेला नव्हता. मुलीने घड्याळाकडे पाहिले नाही. आजोबांनीच थोड्या वेळाने मान वळवली. “चला, भरती कोणासाठी थांबत नाही.”

परळची शिळा, रुग्णालयांच्या रांगा, हाफकिन संस्थेची झाडी पाहत आचार्य दोंदे मार्गाने ती शिवडीस पोचली, तेव्हा ठरल्याहून वीस मिनिटे अधिक झाली होती. समोर दूरवर चिखल पसरला होता आणि त्यावरून पाण्याची चंदेरी कड हळूहळू काठाकडे सरकत होती. त्या कडेवर गुलाबी पक्ष्यांची एक लांबच लांब ओळ उभी होती. माना वाकवून, चोची उलट्या करून ते पक्षी चिखल गाळीत होते आणि पाण्याबरोबर एकेक पाऊल पुढे येत होते. त्यांच्यामागे, १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटर पलीकडच्या किनाऱ्याकडे गेला होता.

“त्या पुलावरून चालत जाता येईल?” भावाने विचारले.

“नाही. तेथे पायी जाणाऱ्यांना मनाई आहे.”

“मग होडीने?”

“आधी मुक्काम आणि पाणी कोठे, ते लिहून काढ,” आजोबा म्हणाले आणि सगळी हसली.

भावाने चौपाटीचे पाणी शिवडीच्या पाण्यात सोडले. त्या रात्री मामाला पत्र गेले. त्यात मुलीने अंतर, वेळ आणि विसावे यांचा सारा तक्ता लिहिला होता. शेवटी तिने एवढेच कळवले, ‘मामा, तुमच्या वहीत मुक्कामाचा आणि पावसाचा रकाना आहेच. तुम्हां चौघांत सर्वांत सावकाश कोण चालतो, ते एकदा पाहा आणि वाटेत एखादी जागा त्याच्यासाठी कोरी ठेवा. आजोबा आज परळच्या वाटेने चालले.’